कायद्याचा शिक्षक : सर विल्यम ब्लॅकस्टोन

ज्या थोर पुरुषांचीं चरित्रें आपण शाळेंत वाचतों, त्यांत बहुधा सेनापति, संशोधक, धर्मोपदेशक किंवा कवि असतात. कायद्याच्या शिक्षकाचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवावें, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. कायदा म्हटला कीं रुक्ष पुस्तकें, कोर्टकचेऱ्या आणि वकिलांची फी एवढेंच डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या नियमांनीं आपण जन्मापासून मरणापर्यंत बांधलेले आहों, ते नियम साध्या माणसालाहि वाचतां व समजतां आले पाहिजेत, म्हणून ज्यानें आयुष्य वेंचलें, आणि पुढें स्वतःच्याच ग्रंथापुढें ज्याला भर सभेंत मान खालीं घालावी लागली, अशा एका पुरुषाची हकीकत आम्ही आज वाचकांस सादर करीत आहों. त्याचें नांव सर विल्यम ब्लॅकस्टोन.

विल्यमचा जन्म लंडन शहरांतील चीपसाइड या व्यापारी पेठेंत १० जुलै १७२३ रोजीं झाला. त्याचा बाप चार्ल्स ब्लॅकस्टोन हा रेशमी कापडाचा व्यापारी होता. परंतु या मुलाचें तोंड पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. विल्यमच्या जन्मापूर्वीं कांहीं महिने तो वारला. आई मेरी हिनें मुलांना वाढविलें. पण विल्यम बारा वर्षांचा असतांना तीहि देवाघरीं गेली. या पोरक्या मुलाची काळजी त्याचा मामा टॉमस बिग यानें घेतली. हा मामा लंडनांत शस्त्रवैद्याचा धंदा करीत असे. बाप जिवंत असता तर मुलगा बहुधा दुकानाच्या गादीवर बसला असता आणि जगाला त्याचें नांवहि कळलें नसतें. संकटाच्या पोटीं कधीं कधीं असा लाभ दडलेला असतो.

सातव्या वर्षीं विल्यमला चार्टरहाऊस या प्रसिद्ध शाळेंत घालण्यांत आलें. १७३५ सालीं मुख्य प्रधान सर रॉबर्ट वॉलपोल याच्या शिफारशीनें त्याला तेथें शाळेच्या खर्चानें शिकण्याची जागा मिळाली. पंधराव्या वर्षीं तो शाळेंतील सर्व मुलांच्या वर जाऊन बसला. महाकवि मिल्टन याच्यावर कविता रचून त्यानें एक सुवर्णपदकहि मिळविलें. १७३८ सालच्या अखेरीस तो ऑक्सफर्ड विद्यापीठांतील पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. ग्रीक व लॅटिन ग्रंथ, तर्कशास्त्र आणि गणित यांचें त्यानें मन लावून अध्ययन केलें. इमारती बांधण्याच्या शास्त्राची तर त्याला इतकी गोडी लागली कीं, वयाच्या विसाव्या वर्षींच त्यानें स्वतःच्या उपयोगासाठीं त्या विषयावर एक निबंध लिहून काढला. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहों. पुढें त्यानें कायद्याची जी मांडणी केली तींत कुशल शिल्पकाराचाच हात दिसतो. पाया कोणता, खांब कोणते आणि एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जावयाचें दार कोठें, हें त्याच्या वाचकाला कधीं शोधीत बसावें लागत नाहीं.

१७४१ सालीं त्यानें वकिलीच्या अभ्यासासाठीं लंडनच्या मिडल टेंपल या संस्थेंत नांव घातलें. त्या काळीं इंग्लंडांत कायद्याचें शिक्षण कसें मिळत असे, हें समजल्यावांचून ब्लॅकस्टोनच्या कामगिरीचें मोल कळणार नाहीं. ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत कायदा शिकवीत असत. परंतु तो प्राचीन रोमन लोकांचा कायदा. ज्या कायद्यानें इंग्लंडांतील शेतकऱ्याची जमीन त्याच्या ताब्यांत राही, व्यापाऱ्याचें येणें वसूल होई आणि चोराला फांशी मिळे, तो देशाचा रूढ कायदा कोणत्याहि विद्यापीठांत शिकवीत नसत. तो शिकण्यासाठीं लंडनच्या वकीलसंस्थांत जावें लागे. तेथेंहि व्याख्यानांची जुनी पद्धति मोडकळीस आली होती. नेमलेल्या सत्रांत संस्थेच्या भोजनगृहांत ठराविक वेळां जेवण घेतलें कीं विद्यार्थ्याची हजेरी भरे. बाकीचें ज्ञान ज्यानें त्यानें जुन्या निवाड्यांचे संग्रह चाळून मिळवावें. त्यांतील पुष्कळसा मजकूर वकिली फ्रेंच म्हणून एक मिश्र भाषा होती तींत असे, आणि न्यायालयांचें दप्तर तर १७३३ सालापर्यंत लॅटिन भाषेंतच ठेवीत. म्हणजे ज्या कायद्यानें लोकांचें जीवित व वित्त ठरावयाचें, तो खुद्द लोकांनाच परका होता.

कवितेवर प्रेम करणाऱ्या तरुणाला हें अरण्य किती भयाण वाटलें असेल, याची कल्पना सहज करतां येईल. त्यानें काव्यदेवतेचा निरोप घेणारी एक कविता लिहिली व मन घट्ट करून कायद्याच्या ग्रंथांत डोकें घातलें. २८ नोव्हेंबर १७४६ रोजीं त्याला वकिलीची सनद मिळाली. परंतु सनद मिळाली म्हणजे पक्षकार मिळतात असें नव्हे. त्याच्या अंगीं वक्तृत्व नव्हतें, त्याची शिफारस करणारे वजनदार आप्त नव्हते, आणि स्वभावहि भिडस्त व कांहींसा तापट होता. सुमारें सात वर्षें तो लंडनच्या न्यायालयांत हेलपाटे घालीत राहिला. पण नांव घेण्यासारखें काम त्याच्या हातीं फारसें आलें नाहीं.

या सात वर्षांत तो हात जोडून बसला होता असें मात्र कोणी समजूं नये. १७४३ सालीं ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजानें त्याची फेलो म्हणून निवड केली होती. तेथें खजिनदाराचें काम त्याच्याकडे आलें, तेव्हां हिशेबाच्या वह्या घोंटाळ्यांत व जुने दस्तऐवज धुळींत पडले होते. त्यानें एकेक कागद पाहून लावून ठेविला, जमाखर्चाची रीत सुधारली आणि पुढें येणाऱ्या खजिनदारांसाठीं त्या विषयावर एक टिपण लिहून ठेविलें. कॉलेजाच्या मोठ्या ग्रंथालयाची इमारत १७१६ सालापासून रेंगाळत पडली होती. तिचें काम त्यानें नेटानें पुरें करून घेतलें. ज्या कॉड्रिंग्टन नामक गृहस्थाच्या देणगींतून हें ग्रंथालय उभें राहिलें, त्याची संपत्ति वेस्ट इंडीजमधील मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या श्रमांची होती, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्या गुलामांचा विषय पुढें यावयाचा आहे. पुढें काहीं वर्षांनीं विद्यापीठाच्या छापखान्याचा कारभार पाहण्याची पाळी आली, तेव्हां ब्लॅकस्टोननें छपाईच्या धंद्याची बारीकसारीक माहिती मिळविली, आळसानें चाललेला व्यवहार उघडकीस आणला आणि त्या छापखान्याला नवें वळण लाविलें. जें काम हातीं येईल तें हलकें न मानतां मुळापासून समजून घ्यावयाचें, ही त्याची संवय होती.

१७५३ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथील रोमन कायद्याच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली. ही नेमणूक राजाकडून होत असे, व ती करविणें ड्यूक ऑफ न्यूकॅसल या मंत्र्याच्या हातीं होतें. विल्यम मरे नांवाच्या नामांकित कायदेपंडितानें ब्लॅकस्टोनची शिफारस केली. हाच मरे पुढें लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणून इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला. असें सांगतात कीं, विद्यापीठाच्या राजकारणांत आपल्या पक्षाची बाजू घ्याल ना, असें ड्यूकनें सुचवून पाहिलें, आणि ब्लॅकस्टोनच्या उत्तरानें त्याचें समाधान झालें नाहीं. तें कसेंहि असो. जागा दुसऱ्यालाच मिळाली. न्यायालयांत यश नाहीं आणि विद्यापीठांत जागा नाहीं, अशी तीस वर्षांच्या ब्लॅकस्टोनची स्थिति झाली. तेव्हां मरे यानेंच त्याला सल्ला दिला कीं, सरकारी नेमणुकीची वाट न पाहतां ऑक्सफर्डला जाऊन इंग्लंडच्या कायद्यावर खासगी व्याख्यानें सुरू करावीं.

हा सल्ला त्यानें मानला. जून १७५३ मध्यें त्यानें व्याख्यानांची जाहिरात दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या सत्रांत वर्ग उघडला. इंग्लंडच्या कोणत्याहि विद्यापीठांत देशाच्या रूढ कायद्यावर झालेलीं हीं पहिलीं व्याख्यानें होत. वकील होऊं इच्छिणारे तर आलेच. परंतु ज्यांना पुढें जमीनदार, धर्मोपदेशक किंवा पार्लमेंटचे सभासद व्हावयाचें होतें असेहि तरुण येऊं लागले. ब्लॅकस्टोनला हेंच पाहिजे होतें. जो मनुष्य पंच म्हणून खटल्यांत बसणार, गांवचा न्याय करणार किंवा पार्लमेंटांत नवे कायदे करणार, त्याला चालू कायद्याचें ज्ञान नसणें म्हणजे समाजाला धोका आहे, असें त्याचें मत होतें.

याच सुमारास एका विलक्षण वृद्धाची त्याच्या आयुष्याशीं गांठ पडली. चार्ल्स व्हायनर या गृहस्थानें आपला बहुतेक सारा जन्म इंग्लिश कायद्याचा सारसंग्रह करण्यांत घालविला होता. तेवीस खंडांचा हा प्रचंड संग्रह करून तो १७५६ सालीं वारला आणि मृत्युपत्रानें आपली बहुतेक मिळकत ऑक्सफर्ड विद्यापीठास देऊन गेला. तिच्या उत्पन्नांतून इंग्लंडच्या कायद्याचें एक अध्यासन स्थापन करावें, अशी त्याची इच्छा होती. २० ऑक्टोबर १७५८ रोजीं ब्लॅकस्टोनची या व्हायनर अध्यासनावर पहिला प्राध्यापक म्हणून एकमतानें निवड झाली, आणि पांच दिवसांनीं त्यानें आपलें उद्घाटनाचें व्याख्यान दिलें. मंत्र्यानें जें दार लाविलें, त्याच्या शेजारीं दुसरें मोठें दार उघडलें तें असें.

त्याची व्याख्यानपद्धति चित्ताकर्षक होती असें नाहीं. तो समोर लिहिलेला कागद ठेवून एकेक शब्द तोलून वाची. परंतु त्या कागदावरील भाषा इतकी स्वच्छ व रचना इतकी सुबोध असे कीं, विद्यार्थी तीं व्याख्यानें उतरून घेत व त्यांच्या प्रती हातोहात फिरत. पुढें तिसरा जॉर्ज म्हणून गादीवर बसलेल्या युवराजाच्या शिक्षकानेंहि त्या मागवून घेतल्या. १७६३ सालीं वर्गांत पंधरा वर्षांचा एक मुलगा येऊन बसूं लागला. त्याचें नांव जेरेमी बेंथॅम. बाकीचे विद्यार्थी माना डोलवीत असतां याच्या मनांत मात्र शंका उठत होत्या. त्याची गोष्ट पुढें येईल.

व्याख्यानांच्या अशुद्ध नकला विकल्या जाऊं लागल्या, तेव्हां तीं स्वतःच शुद्ध करून छापावीं असें ब्लॅकस्टोननें ठरविलें. इंग्लंडच्या कायद्यांवरील भाष्यें या नांवाच्या त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६५ सालीं, त्यानें सुधारलेल्या ऑक्सफर्डच्या छापखान्यांतूनच, बाहेर पडला. चौथा व शेवटचा खंड १७६९ सालीं निघाला. पहिल्या खंडांत व्यक्तींचे हक्क, दुसऱ्यांत मालमत्तेचे हक्क, तिसऱ्यांत एका माणसानें दुसऱ्यावर केलेले अन्याय व त्यांची दाद, आणि चौथ्यांत समाजाविरुद्ध केलेले अपराध व त्यांच्या शिक्षा, असे चार भाग त्यानें पाडले. ज्या रानांत अनुभवी वकीलहि वाट चुकत, त्यांतून त्यानें चार सरळ रस्ते काढले. त्याच्या हयातींतच या ग्रंथाच्या आठ आवृत्त्या निघाल्या.

या ग्रंथांतील दोन गोष्टी विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवाव्या. पहिली आरोपीविषयीं. एका पारड्यांत दहा सुटलेले अपराधी आणि दुसऱ्यांत शिक्षा भोगणारा एकच निरपराधी घातला, तर दुसऱ्या पारड्यांतील अन्याय जड मानावा, असें प्रमाण त्यानें सांगितलें. हें तत्त्व त्याच्या पूर्वींहि लोकांस ठाऊक होतें. परंतु दहास एक हें प्रमाण आज त्याच्याच नांवानें ओळखलें जातें, आणि आपल्या देशांतील न्यायालयेंहि फौजदारी खटल्यांत संशयाचा फायदा आरोपीस देतात. दुसरी गोष्ट शिक्षेविषयीं. त्या वेळीं इंग्लंडांत पार्लमेंटच्या कायद्यांनीं सुमारें १६० अपराधांस मृत्युदंड ठरविला होता. ही संख्या ब्लॅकस्टोननें लोकांपुढें उघड मांडली. शिक्षा फार कठोर ठेविली तर फिर्याद देणाऱ्याचें मन कचरतें, पंच दया येऊन अपराध्याला सोडून देतात, आणि चोर त्या दयेवर भिस्त ठेवून धीट होतो, हें त्यानें दाखवून दिलें. इटलींतील बेक्कारिया या लेखकाचा दंडनीतीवरील ग्रंथ नुकताच, १७६४ सालीं, प्रसिद्ध झाला होता. त्याचा ठसा या विचारांवर स्पष्ट दिसतो.

परंतु हा ग्रंथ निर्दोष होता असें म्हणणें खरेपणाला सोडून होईल. आपल्या देशाच्या कायद्यावर ब्लॅकस्टोनचें इतकें प्रेम होतें कीं, त्यांतील व्यंगेंहि त्याला कधीं कधीं भूषणें वाटत. विवाह होतांच स्त्रीचें कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वांत बुडून जातें, हा जुना नियम त्यानें स्त्रियांच्या हिताचा म्हणून वर्णिला. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर पूर्ण हक्क मिळावयास इंग्लंडांत १८८२ साल उजाडावें लागलें. याच वृत्तीवर बेंथॅमनें बोट ठेविलें. १७७६ सालीं त्यानें आपलें नांव न घालतां एक पुस्तक प्रसिद्ध केलें आणि आपल्या जुन्या गुरूच्या विचारांतील गोंधळ कठोरपणें उघड केला. कायदा काय आहे हें सांगणें निराळें व तो कसा असावा हें सांगणें निराळें, हा त्याचा मुख्य मुद्दा होता. ब्लॅकस्टोननें त्याच्याशीं वाद घातला नाहीं. कायदा सुबोध करून सांगणारा नसता, तर त्याच्यावर टीका करणाऱ्यालाहि तो इतका स्पष्ट दिसला नसता, असें आम्हांस वाटतें.

आतां त्याच्या आयुष्यांतील सर्वांत अवघड प्रसंगाकडे वळूं. १७६१ पासून तो पार्लमेंटचा सभासद होता व सरकारपक्षाच्या बाजूनें मत देत असे. जॉन विल्क्स नांवाचा एक सरकारविरोधी पुढारी १७६८ सालीं मिडलसेक्स परगण्यांतून निवडून आला. पुढल्याच वर्षीं सभागृहानें त्याला हांकून दिलें. मतदारांनीं त्याला पुन्हां पुन्हां निवडून पाठविलें. तरी शेवटीं १,१४३ मतें मिळविणारा विल्क्स अपात्र आणि २९६ मतें मिळविणारा लटरेल हा निवडून आलेला, असा ठराव सभागृहानें केला. ८ मे १७६९ रोजीं या विषयावर पुन्हां वाद झाला, तेव्हां ब्लॅकस्टोननें उठून विल्क्स हा देशाच्या रूढ कायद्यानेंच अपात्र आहे असें प्रतिपादन केलें. त्यावर जॉर्ज ग्रेनव्हिल हा माजी मुख्य प्रधान उभा राहिला. त्याच्या हातांत ब्लॅकस्टोनच्याच ग्रंथाचा पहिला खंड होता. सभासद होण्यास कोणकोण अपात्र आहेत याची यादी त्यांत दिलेली होती. ती त्यानें सभागृहास वाचून दाखविली. सभागृहानें हांकून दिलेला मनुष्य पुन्हां निवडून येण्यास अपात्र होतो, असें त्या यादींत कोठेंच नव्हतें. सर्वांच्या नजरा ब्लॅकस्टोनकडे वळल्या. तो उत्तरास उठला नाहीं.

वृत्तपत्रांतून त्याच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यानें पत्रक काढून आपलें समर्थन केलें व पुढील आवृत्तींत त्या यादींत नवीं वाक्यें घातलीं; पण त्यानें हसें अधिकच झालें. विरोधी पक्षाचे लोक मेजवान्यांत त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीचें मुद्दाम अभीष्टचिंतन करूं लागले. पुढें १७८२ सालीं, ब्लॅकस्टोनच्या मृत्यूनंतर, पार्लमेंटनें विल्क्सविरुद्धचा ठराव आपल्या दप्तरांतून काढून टाकला. म्हणजे पक्षाभिमानानें बोलणारा ब्लॅकस्टोन चुकला होता, आणि अभ्यासिकेंत शांतपणें लिहिणारा ब्लॅकस्टोन बरोबर होता.

असाच एक दुसरा प्रसंग आहे. गुलामानें इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेविला कीं तो स्वतंत्र होतो, असें त्यानें पहिल्या आवृत्तींत निःशंकपणें लिहिलें होतें. ग्रॅनव्हिल शार्प या परोपकारी गृहस्थानें गुलामांच्या वतीनें लढतांना तोच आधार पुढें केला. ब्लॅकस्टोन मात्र बिचकला. पुढील आवृत्तींत त्यानें तें विधान सौम्य केलें, व धन्याचा गुलामाच्या चाकरीवरील हक्क कदाचित् कायम राहूं शकेल, अशी पुस्ती जोडली. पण छापलेला शब्द परत घेतां येत नाहीं. १७७२ सालीं जेम्स सॉमरसेट या गुलामाच्या खटल्यांत लॉर्ड मॅन्सफील्डनें त्याला मुक्त केलें, तेव्हां जगानें पहिल्या आवृत्तीचीच आठवण ठेविली. येथेंहि ग्रंथ ग्रंथकर्त्यापेक्षां धीट ठरला.

उलट बाजूचें उदाहरणहि सांगितलें पाहिजे. राष्ट्रीय चर्चबाहेरील ख्रिस्ती पंथांविषयीं त्यानें चौथ्या खंडांत कांहीं अनुदार वाक्यें लिहिलीं होतीं. जोसेफ प्रीस्टले व फिलिप फर्नो या दोघां धर्मोपदेशकांनीं त्यांवर सडेतोड टीका केली. पुढल्या आवृत्त्यांत ब्लॅकस्टोननें त्यांतील जाचक शब्द गाळले. भीतीनें केलेली दुरुस्ती आणि सत्य पटल्यानें केलेली दुरुस्ती यांतील भेद या दोन उदाहरणांवरून मुलांना चांगला समजेल.

त्याच्या खासगी आयुष्यांत सुख होतें. १७६१ सालीं त्यानें सेरा क्लिदरो हिच्याशीं विवाह केला. त्या काळीं कॉलेजाच्या फेलोला अविवाहित रहावें लागे, त्यामुळें ती जागा त्याला सोडावी लागली. या जोडप्यास नऊ अपत्यें झालीं. १७६६ सालीं त्यानें प्राध्यापकपद सोडलें. १७७० सालीं सरकारनें मोठें राजकीय पद देऊं केलें असतां तें नाकारून त्यानें न्यायाधीशाचें आसन पत्करलें. त्याच वर्षीं त्याला सर हा किताब मिळाला. विल्क्स प्रकरणानंतर राजकारणाचा त्याला वीट आला होता. न्यायासनावर बसल्यावर कैद्यांच्या दशेकडे त्याचें लक्ष गेलें. तुरुंगांची सुधारणा करणारा सुप्रसिद्ध जॉन हॉवर्ड आणि विल्यम ईडन यांच्या सहकार्यानें त्यानें १७७९ चा तुरुंगविषयक कायदा तयार करण्यास मदत केली. कैद्याला रोगट कोठडींत कुजत न ठेवतां स्वच्छ जागा, उद्योग व धार्मिक शिक्षण देऊन सुधारावें, हा त्या कायद्याचा हेतु होता. त्याप्रमाणें इमारती मात्र त्याच्या हयातींत उभ्या राहिल्या नाहींत.

वॉलिंगफर्ड या लहान गांवीं त्याचें घर होतें. तेथील रस्ते सुधारण्यांत आणि सेंट पीटर चर्चच्या पुनर्बांधणींत त्यानें पुढाकार घेतला. बैठें काम, व्यायामाचा कंटाळा आणि संधिवात यांनीं त्याचें शरीर अकालींच थकलें. १४ फेब्रुवारी १७८० रोजीं, वयाच्या ५७ व्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच चर्चमध्यें त्याला पुरण्यांत आलें.

त्याच्या ग्रंथाचा प्रवास तेथें थांबला नाहीं. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें रॉबर्ट बेल या मुद्रकानें १७७१ व १७७२ सालीं त्याची आवृत्ति काढली. इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठलेल्या वसाहतवाल्यांनीं आपल्या हक्कांचा आधार या राजनिष्ठ लेखकाच्याच पुस्तकांत शोधला. पुढें अब्राहाम लिंकन या गरीब तरुणानेंहि कॉलेजाचें तोंड न पाहतां हेच खंड वाचून वकिलीची तयारी केली.

आपल्या देशाशींहि त्याचा एक धागा जोडलेला आहे. ब्लॅकस्टोननंतर व्हायनर अध्यासनावर आलेला रॉबर्ट चेंबर्स हा १७७४ सालीं कलकत्त्याच्या नव्या सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होऊन आला. पुढल्याच वर्षीं महाराजा नंदकुमार यांजवर खोटा दस्तऐवज केल्याचा खटला त्या न्यायालयापुढें चालला. अशा अपराधास फांशी देणारा इंग्लंडचा कायदा बंगालच्या प्रजेस लावणें योग्य नव्हे, मृत्युदंड नसलेल्या जुन्या कायद्याखालीं खटला चालवावा, असें चेंबर्सनें प्रथम सुचविलें. सहकाऱ्यांनीं तें मानलें नाहीं. मग त्यानेंहि विरोध सोडला. ५ ऑगस्ट १७७५ रोजीं नंदकुमार यांना फांशी देण्यांत आलें. ज्या अध्यासनावरून १६० मृत्युदंडांची संख्या पुढें मांडणारा ब्लॅकस्टोन बोलला होता, त्याच अध्यासनावरील त्याच्या वारसाला योग्य गोष्ट दिसली. पण ती शेवटपर्यंत धरून ठेवण्याचें धैर्य झालें नाहीं. कायद्याचें ज्ञान मोठें खरें. तथापि त्याच्या पाठीशीं मनाचा निश्चय नसेल तर तें एका माणसाचा प्राणहि वांचवूं शकत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे. पोरकेपण, सात वर्षांचें अपयश आणि हातची गेलेली जागा यांनीं ब्लॅकस्टोन खचला नाहीं. जें त्याला स्वतःला कष्टानें समजलें, तें दुसऱ्यांना सोपें करून देण्यांत त्यानें आपलें भाग्य शोधलें. पालकांसहि आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी वकील होवो अथवा न होवो, आपले हक्क कोणते व आपलीं कर्तव्यें कोणतीं, हें तिला किंवा त्याला घरींदारीं समजावून द्यावें. कारण न समजलेला कायदा दुबळ्याच्या उपयोगीं पडत नाहीं. आणि सर्वांनीं ग्रेनव्हिलच्या हातांतील तें पुस्तक आठवावें. आपण शांत मनानें जें सत्य म्हणून लिहितों किंवा बोलतों, तें पुढें केव्हां तरी आपल्यासमोर वाचलें जाणार आहे. त्या वेळीं मान खालीं घालण्याची पाळी येऊं नये, असें वागण्याचें बळ परमेश्वर आपणां सर्वांस देवो.